आमच्याकडे मे महिना नसतो

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरात एप्रिलनंतर थेट जून लागतो. मधले एकतीस दिवस कॅलेंडरवाले छापतात, आंबेही त्याच सुमाराला पिकतात, पण काकीच्या लेखी तो काही स्वतंत्र महिना नव्हे. ती पावसाळ्याची पूर्वतयारी आहे. होळीचा होम विझतो न विझतो तोच तिच्या तोंडी एक वाक्य बसतं, "पाऊस तोंडावर आलाय." बाहेर कुत्री माडाच्या आळ्यात ओलावा शोधत पडलेली, विहिरीचा तळ दिसायला लागलेला, आणि पाऊस मात्र तोंडावर.

मुंबईकर मंडळींना हे दर वर्षी कळतं आणि पुढच्या मेपर्यंत विसरायला होतं. कोकणकन्येच्या बर्थवर आडवं पडल्या पडल्या माडाखालची खाट दिसू लागते, ताटात कापा फणस दिसतो, दुपारची चार वाजेपर्यंतची झोप दिसते. राजापूर रोडला उतरून, रिक्षावाल्याशी घासाघीस करून माणूस घरी येतो, पायांवर पाणी घेतो, चहाचा कप खाली ठेवतो. मग काकी प्रेमाने विचारते, "दमलास काय रे?"

या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही. "नाही" म्हटलं तर हातात कोयता येतो आणि परसातल्या झावळ्या दाखवल्या जातात. "हो" म्हटलं तर काकी म्हणते, "मग असू दे, बसल्या बसल्या एवढे रातांबे फोड."

बसल्या बसल्या करायच्या कामांना आमच्याकडे काम समजत नाहीत. रातांबे फोडणं, चिंचेतले चिंचोके काढणं, मिरच्यांचे देठ खुडणं, आठळ्या धुऊन त्यांना तांबडी माती फासणं, हे सगळं विश्रांतीत मोडतं. सकाळी न्याहारीपासून दिवेलागणीपर्यंत माणूस हीच विश्रांती घेत राहिला, तर रात्री जेवताना त्याला ऐकवलं जातं, "दिवसभर बसून तर होतास, जरा पाणी तरी वाढ."

रातांबा दिसायला गरीब आहे. लाल, वाटोळा, हातात मावणारा. पण एकदा फोडायला बसलं की त्याचा रंग बोटांवर, बनियनवर, मोबाइलवर आणि जाताना सहज हात लागलेल्या चुन्याच्या भिंतीवर उमटतो. साल वेगळी काढायची. गर आणि बिया मिठात घालून ठेवायच्या. त्यांना जो रस सुटतो त्यात ती सालं रात्रभर बुडवायची, सकाळी उन्हात घालायची, संध्याकाळी उचलून परत रसात. अशी पाच-सात पुटं बसली की सालीचं काळंभोर आमसूल होतं. उरला रस आगळ म्हणून बाटल्यांत जातो. थोडी ताजी सालं साखरेच्या थरांत बरणीत भरून, तोंडाला फडकं बांधून बरणी उन्हात ठेवली की अमृत कोकम. बिया तरी फेकाव्यात, तर त्या वाळवून, कुटून, उकळून त्यांचं मुठेल काढतात. ते भेगाळलेल्या टाचांना लावायचं. टाचा कशाने भेगाळल्या, तर तापल्या खळ्यात अनवाणी उभं राहून रातांबे वाळत घातल्याने. "ह्याचं काहीही वाया जात नाही," असं काकी अभिमानाने सांगते. तीच तर अडचण आहे. काही वाया गेलं असतं तर कधीतरी काम संपलं असतं.

सगळ्यात मोठं राजकारण खळ्यातल्या उन्हाचं. खळं एकच, त्यात ऊन मोजकं, आणि हक्कदार फार. विहिरीकडच्या बाजूला सकाळी लवकर ऊन येतं, पण दहानंतर माडाची सावली सरकत येते. तुळशीजवळची जागा सगळ्यात चांगली, ती वर्षानुवर्षं आमसुलांची. तिच्या शेजारी आंब्याची साठं, मग मिरच्या, मग गाद्या-गोधड्या, आणि अगदी कडेला, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून, सुकट आणि बोंबील. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रातल्या यांत्रिकी मासेमारीला सरकारी बंदी असते, ती आमच्या घराने फारच मनावर घेतली आहे. दोन महिने ताजं म्हावरं मिळणार नाही या धसक्याने खारे बांगडे, सोडे, बोंबील यांचा जो साठा होतो, तो पाहून बंदी दोन वर्षांची आहे असं कुणालाही वाटेल. घरची मांजर त्या कोपऱ्यात मुक्कामालाच असते. बाकीच्या वाळवणाला तिच्यापासून धोका नाही, त्यामुळे तिला राखणदार म्हणून नेमलंय असा तिचा आणि मुलांचा समज आहे.

ही वाटणी सुरळीत चालली असती, पण आत्या घाटावर दिली आहे. कोल्हापुराहून ती येते ती गव्हाची पिशवी घेऊनच, कारण तिला कुरडया घालायच्या असतात. गहू तीन दिवस भिजत पडतात, रोज पाणी बदलायचं, आंबूस वास माजघरभर. मग वाटून, गाळून, चीक बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि उरलेला चीक शिजवून सोऱ्यातून पाडायचा. काकी तांदळाच्या मुलखातली. तिला गहू हा आजाऱ्याच्या पोळीपुरता ठाऊक. "एवढं भिजवून, एवढं वाटून, शेवटी निम्मं गटारातच की," असं ती खांबाला उद्देशून म्हणते. आत्या तुळशीला उद्देशून म्हणते, "कुरडईशिवाय लग्नाचं रुखवत होत नाही आमच्याकडे." पण चीक शिजला की भांडण थांबतं, कारण गरम चिकावर दूध-साखर घालून काकीच पहिली वाटी भरून घेते. त्यानंतर खरा प्रश्न पुढे येतो : कुरडया वाळणार कुठे? सलग दोन-तीन उन्हाळे या प्रश्नावर एकाच छपराखाली दोन चुली पेटायच्या बेतात होत्या. शेवटी आत्याला गोठ्याच्या पत्र्यावरची जागा मिळाली. शिडीने चढावं लागतं, पण ऊन अखंड. तिथून तिला खळ्यातल्या सगळ्या व्यवहारावर नजरही ठेवता येते, ही गोष्ट काकीच्या उशिरा ध्यानात आली.

एकदा माझ्या भाच्याने शाळेच्या प्रकल्पासाठी शून्य सावलीचा दिवस पाहायचं काढलं. सूर्य बरोबर डोक्यावर आला की उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. आपल्याकडे असं वर्षातून दोनदा होतं. मुंबईत पहिला दिवस मेच्या मध्यावर येतो, आमच्याकडे आम्ही दक्षिणेला असल्यामुळे त्याच्या सुमारे आठवडाभर आधी. भाच्याने दुपारी साडेबाराच्या सुमाराला खळ्यात बाटली उभी केली, सगळ्यांना हाका मारल्या, सूर्याची क्रांती वगैरे समजावून सांगितली. काकीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच शंका विचारली, "म्हणजे माडाची सावली त्या वेळी आमसुलांवर पडणार नाही ना?" नाही पडणार, असं कळल्यावर शास्त्रज्ञांबद्दल तिचं मत सुधारलं. दुसरा शून्य सावलीचा दिवस ऑगस्टच्या सुरुवातीला येतो. तेव्हा आमच्याकडे सावलीच काय, सूर्यही आठवडा आठवडा शून्य असतो.

राखणीला पोरं बसवायची पद्धत आहे. कावळे हाकलायला लांब काठी आणि तिच्या टोकाला काळं फडकं दिलं जातं. कावळा आला की एखादी फोड नेतो. राखण करणारं पोर मात्र जागेवरच बसून साठाच्या ताटाची एक बाजू खरवडत राहतं. संध्याकाळी ताटं उचलताना कडा कमी झालेल्या दिसतात आणि ते सगळं कावळ्याच्या नावावर लिहिलं जातं. आमच्या गावच्या कावळ्यांनी आजवर जेवढं खाल्लंय असं आमच्या घरात मानतात, तेवढं खरंच खाल्लं असतं तर त्यांना उडता आलं नसतं.

उडदाच्या पापडाचा दिवस वेगळाच. त्या दिवशी आळीतल्या बायका पोळपाट-लाटणं घेऊन येतात. पीठ आदल्या रात्री भिजवलेलं, त्यात पापडखार, हिंग, मिरी. ते पाट्यावर घालून तेलाच्या हाताने असं कुटायचं की लाकडासारखा घट्ट गोळा लोण्यासारखा व्हावा. हे काम घरातल्या जावयांचं, असा नियम कोणी केला ते ठाऊक नाही, पण तो माझ्या मेव्हण्यांना लग्नानंतरच सांगण्यात आला. मग गोळ्याच्या वळकट्या, दोऱ्याने कापलेल्या लाट्या, आणि त्या लाट्या कमी होत जाणं. तेलात बुडवलेली कच्ची लाटी हा जगातला एक फार मोठा पदार्थ आहे. तो पोटाला बाधतो असं आम्हांला लहानपणापासून सांगणाऱ्या सगळ्या बायका एकीकडे तो खात असत.

१९५९ साली मार्चमध्ये गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. आमच्या ओटीवरही साधारण सातच बायका असतात, पण आमचं उद्योगसाम्राज्य का झालं नाही ते अर्धा तास तिथं बसलं की समजतं. पहिला पापड लाटून झाला की तो हातोहात फिरतो. एक म्हणते जाड, दुसरी म्हणते मिरी कमी, तिसरी म्हणते आमच्या माहेरी याहून पांढरे होतात, चौथी कुणाच्या माहेरी काय होतं ते सांगते, आणि तिथून विषय जो निघतो तो वरच्या वाडीतल्या मोडलेल्या सोयरिकीपर्यंत जातो. पापड मात्र लाटले जात असतात. हात आणि तोंड यांचा एकमेकांशी संबंध नसलेले हे कारागीर आहेत. उडदाचे पापड एकदम कडक उन्हात घालत नाहीत, वाकडे होतात. आधी सावलीत सुकवून मग थोडं ऊन दाखवायचं. त्यामुळे त्या दिवशी माजघर, ओटी, पलंग, आरामखुर्चीचा कापडी भाग, सगळीकडे धोतरं-लुगडी पसरून पापड मांडलेले असतात. संध्याकाळपर्यंत घरात माणसांनी उभं राहायचं असतं.

मेव्हणे हिशेबनीस. पीठ कुटून खांदे दुखायला लागल्यावर त्यांनी एका वर्षी लॅपटॉप उघडला आणि घरच्या पापडाची खरी किंमत काढली. उडीद, हिंग, तेल, मुंबईहून येण्या-जाण्याचं भाडं, मजुरीचे तास, घसरून पडलेल्या माणसाचं मलम. एका पापडाला जी किंमत पडली तेवढ्यात राजापूरच्या बाजारातून अख्खं पाकीट आलं असतं. त्यांनी तो तक्ता काकीला दाखवला. काकीने चष्मा लावून तो पाहिला आणि म्हणाली, "ह्यात आम्ही तुम्हांला दोन वेळा जेवायला घालतो ते धरलं नाहीत." मेव्हण्यांनी ते धरून पाहिलं. पापड आणखी महाग झाला. त्यानंतर त्यांच्याकडे फणस दिला.

फणस देणं ही आमच्याकडे शिक्षा नाही, पण बक्षीसही नाही. बरका फणस फोडायचा तर हाताला, कोयत्याला, शक्यतो कोपरापर्यंत खोबरेल लावायचं. तरी चीक लागतोच, आणि लागला की रॉकेलनेही सहज जात नाही, शिवाय हल्ली रॉकेल मिळत नाही. गरे काढायचे, आठळ्या वेगळ्या, गर रोवळीत घासून गाळायचा, तूप लावलेल्या ताटात पसरायचा, दुसऱ्या दिवशी उलटायचा. त्याची पोळी होते, तिला आम्ही साठ म्हणतो. कापा कच्चा असेल तर तळायचे गरे किंवा पापड. चारखंडं गुरांना. मेव्हण्यांचा उजवा हात आणि डावा हात एकदा एकमेकांना चिकटले होते. ते तसेच, नमस्काराच्या मुद्रेत, काकीसमोर तेल मागायला आले. काकीला वाटलं जावई सुधारला.

या सगळ्यावर छप्पर आहे, आणि तेही मेमध्येच उघडावं लागतं. घर चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, तेव्हा त्या भल्या माणसांनी पाऊस, वारा, छपराचा उतार या सगळ्याचा विचार केला. माकडांचा केला नाही. आमच्याकडे आंब्यावरून फणसावर जायचा माकडांचा रस्ता छपरावरूनच आहे. त्यामुळे पावसाआधी कौलं चाळून फुटकी बदलावी लागतात. ते करणारा गडी मे महिन्यात राजापूरच्या गंगेसारखा असतो. येणार हे नक्की, कधी ते कुणी विचारू नये. आणि येतो तो दुपारी दोनला, सगळे जरा आडवे झालेले असताना. वरून एकेक कौल सरकतं, आढ्याखालचं वर्षभराचं जळमट, पालीची अंडी आणि कुणीतरी वर फेकलेला दुधाचा दात असं सगळं खाली येतं, आणि एक रखरखीत उन्हाचा पट्टा नेमका झोपलेल्या माणसाच्या तोंडावर पडतो. काकी धावत येते. माणसाला उठवायला नव्हे. घरात नव्याने ऊन आलंय, तर तिथे मिरच्या पसरायला.

यापुढची कामं भराभर सांगतो, कारण तीही भराभरच उरकली जातात : लाकूडफाटा मांगरात रचणं, गवत भरणं, जाडं मीठ मडक्यात भरणं, मसाला डंखावर कुटून आणणं, पडवीला पावसाची झड लागू नये म्हणून झावळ्यांचे झाप बांधणं. झाप आता फक्त काका विणतात. बाकीचे सगळे निळी ताडपत्री आणा म्हणतात. काका ऐकल्यासारखं करतात आणि विणत राहतात. मसाल्याच्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस शिंकतं, त्यामुळे त्या दिवशी कुणी काही शुभ बोलत नाही.

२०२५ साल आलं आणि काकीचं म्हणणं खरं ठरलं. पाऊस खरोखरच तोंडावर होता. विसाव्या तारखेपासूनच आभाळ भरून यायला लागलं होतं. हवामान खात्याने केरळात २७ मेच्या आसपास येईल म्हणून सांगितलेला मोसमी पाऊस २४ लाच तिथे पोहोचला, २५ ला आमच्या शेजारच्या देवगडात शिरला, २६ ला मुंबईत. मुंबईत तो एरवी ११ जूनला येतो. पाऊण शतकात इतक्या लवकर आला नव्हता म्हणे. आमची आमसुलं तेव्हा तिसऱ्या पुटाला होती.

उभा जन्म जी बाई पाऊस येणार, पाऊस येणार म्हणत आली, ती आता वैभवात "बघा, मी सांगत नव्हते?" म्हणेल असं आम्हांला वाटलं होतं. काकीने पाऊस अमान्य केला. "मृग लागायला अजून तेरा-चौदा दिवस आहेत. आज कुठे रोहिणी लागतेय. हा पाऊस नव्हे." बाहेर पागोळ्या धो धो पडत होत्या. मोबाइलवर खात्याचं पत्रक दाखवलं, तर म्हणाली, "त्यांनी म्हटल्याने होतंय? वळीव असेल. उद्या ऊन पडेल." त्या उद्यावर विसंबून तिने आमसुलांची ताटं आठ-दहा वेळा बाहेर काढली आणि तितक्याच वेळा सगळ्यांना बोंबलत आत घ्यायला लावली. आत्याच्या कुरडया पत्र्यावर होत्या. तिने शिडीवर उभं राहून त्या भरल्या पावसात उतरवल्या, आणि खाली आल्यावर काकीने तिला कोरडं लुगडं दिलं. एवढ्या वर्षांत खळ्याच्या वाटणीवरून जे मिटलं नव्हतं ते त्या दिवशी मिटलं. कुरडयांचा मात्र परत चीक झाला होता.

मग घराचा उन्हाळा आत हलला. पंख्याखाली साठं, पलंगाखाली मिरच्या, दोन खुर्च्यांच्या मधे ओढणी बांधून त्यावर पापड. माझ्या बहिणीने साठावर केस वाळवायचं यंत्र धरलं, तेवढ्यात वीज गेली. आमसुलं शेवटी चुलीवरच्या माळ्यावर धुरात सुकली. त्यांना जो धुरकट वास लागला त्याबद्दल काकीने ताबडतोब जाहीर केलं की खरी आमसुलं अशीच असतात, आणि आता मुंबईला पाठवायच्या प्रत्येक पुडीबरोबर ते सांगायचं. आमची सोलकढी वर्षभर चुलीजवळ बसून प्यायल्यासारखी लागत होती. मुंबईच्या शेजाऱ्यांनी नावाजली.

निघायच्या दिवशी पिशव्या भरतात. प्रत्येकाला त्याच्या वजनापेक्षा थोडं कमी सामान मिळतं. गाडीत चढल्यावर पहिल्या दहा मिनिटांत अख्ख्या डब्याला कळतं की कुणाकडे फणस आहे आणि कुणाकडे बोंबील. पनवेलपर्यंत त्यातूनच ओळखी निघतात.

आता हे सगळं खातं कोण, हे एकदा सांगायलाच हवं. एवढी बेगमी पावसाळ्याची. पण जुलैत, बाहेर धुवांधार लागलेली असताना, काकीला फोन करून "पापड तळलेस की नाही?" विचारलं तर ती दचकते. "आताच कसे? गणपतीला माणसं येतील." गणपतीला माणसं येतात, ती मोदक खातात, आणि पापडाचा डबा "दिवाळीला पोरं यायचीत" म्हणून वर जातो. दिवाळीत फराळ असतो. त्यानंतर लग्नसराई, "कुणाकडे रुखवताला मागितले तर?" असं करत करत शिमगा येतो, आणि काकी माळ्यावर चढून पाहते, तर डबे भरलेले. आता नवं करायचं तर डबे रिकामे नकोत?

त्यामुळे आमच्या घरात वाळवणाचे पदार्थ खायचा खरा मोसम मार्च-एप्रिल. रोज दोन्ही वेळेला पापड, मिरगुंड, फेण्या, तळलेली सांडगी मिरची, वरणात आमसूल, आमटीत आमसूल, पाहुण्याला पाण्याच्या जागी कोकम. डॉक्टरने काकांना तळलेलं बंद सांगितलं, तर काकीने त्यांना भाजून दिले, पण सुटका केली नाही. "संपवा रे," ती ताटाभोवती फिरत म्हणते, "अजून दोन डबे आहेत. नवीन कशात ठेवू?" यंदा एप्रिलमध्ये मेव्हण्यांनी सुचवलं की नवीन दोन डबे विकत आणू. काकी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं सुचवलंत. मोठेच आणा. म्हणजे थोडे जास्त करता येतील."